मोल देणाऱ्यावरचा पहारा

चोरी म्हणजे काय, हा प्रश्न वरवर पाहता इतका सोपा आहे की त्यावर निबंध लिहावयास बसणे हा रिकामपणाचा उद्योग वाटावा. दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीवाचून घेणे ही चोरी, एवढे लहान मुलालाही कळते. परंतु जी वस्तू पुरते दाम मोजून घेतली, जिची पावती कपाटात जपून ठेवली आहे, ती वापरता यावी म्हणून तिच्यावरचे कुलूप फोडले, तर त्या कृत्याला काय म्हणावे? हा प्रश्न माझ्यापुढे आला तो कोणत्या ग्रंथातून नव्हे. २००८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, बडोद्याच्या घरी, माझ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून आला.

प्रकरण तसे किरकोळ होते. भाऊबीजेचे आणि वाढदिवसाचे साठवलेले पैसे घालून त्याने संगणकावरचा एक खेळ विकत आणला होता. रीतसर दुकानातून, खोक्यासह, पावतीसह. खेळाचे व कंपनीचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. आमचा संगणक जुना. वर्षातून दोनदा तरी तो बिघडे आणि दुरुस्त करणारा येऊन सगळे पुसून पुन्हा भरून देई. प्रत्येक वेळी तो खेळही पुन्हा चढवावा लागे, आणि चढवताना तो इंटरनेटवरून आपल्या मूळ घरी परवानगी मागे. तीन वेळा परवानगी मिळाली. चौथ्या वेळी पडद्यावर सूचना आली की या प्रतीची मर्यादा संपली आहे. दुकानदार म्हणाला, उघडलेले खोके परत घेत नाही. कंपनीला दोन पत्रे पाठवली, त्यांचे उत्तर आले नाही. शेवटी मुलाने कोठूनशी एक चिमुकली फाइल उतरवून घेतली, मूळ फाइलीच्या जागी ती ठेवली, आणि खेळ निमूटपणे सुरू झाला. मी ते पाहिले आणि संतापून म्हणालो, “ही चोरी आहे.” तो खेळ थांबवून माझ्याकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, “कोणाची, बाबा?”

त्या वेळी मी वडिलकीच्या अधिकाराने विषय मिटवला. उत्तर दिले नाही. आज इतक्या वर्षांनी ते शोधायला बसलो आहे. खेळाचा विषय पाहून पान उलटू पाहणाऱ्या ज्येष्ठ वाचकांना एवढीच विनंती की प्रश्न खेळाचा नाही. विकणारा आणि विकत घेणारा यांच्यात जे काही घडते त्याचा, आणि संशयाने माणसाचे काय होते त्याचा हा प्रश्न आहे.

आधी विकणाऱ्याची बाजू नीट पाहिली पाहिजे, कारण ती खोटी नाही. सुताराने केलेली खुर्ची मी नेली तर ती त्याच्याकडून जाते. संगणकाच्या प्रोग्रामचे तसे नाही. एका प्रतीच्या हजार प्रती काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि मूळ प्रत जिथल्या तिथे राहते. त्यामुळे नक्कल करणाऱ्याला आपण कोणाचे काही नेले असे वाटतच नाही. या धंद्याच्या अगदी बाल्यावस्थेत, फेब्रुवारी १९७६ मध्ये, बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक खुले पत्र लिहिले होते. अल्टेअर या यंत्रासाठी आम्ही लिहिलेला बेसिक हा प्रोग्राम तुमच्यापैकी बहुतेक जण वापरता, पण दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी तो विकत घेतला आहे, आणि त्यावर घालवलेल्या वेळाचा हिशेब केला तर आम्हाला ताशी दोन डॉलरही सुटत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. पुढे त्या गृहस्थांनी किती संपत्ती मिळवली हे आठवून त्या पत्राला हसणे सोपे आहे; पण पत्र लिहिले तेव्हा त्यातला प्रश्न रास्तच होता.

आणि आपण तरी कोण लागून गेलो? आमच्या घरातला पहिला संगणक १९९९ साली सुटे भाग जुळवून घेतला. जुळवून देणाऱ्याने विचारले, “आत काय काय भरून देऊ?” मी यादी सांगितली, त्याने सगळे भरून दिले, आणि त्या सगळ्याचे मोल शून्य होते. त्यातला एकही प्रोग्राम मी विकत घेतलेला नव्हता, आणि त्यातल्या एकानेही मला कधी परवानगी मागायला लावली नाही. घरात सत्यनारायण होत होता, शेजाऱ्याची वाटी परत करताना त्यात साखर घालून देण्याची रीत पाळली जात होती, आणि संगणकात चोरीचा माल होता. यात कोणालाच विसंगती दिसत नव्हती, मलाही नाही. मुलाने प्रथमच आमच्या घरात एक प्रोग्राम दाम मोजून आणला, आणि नेमका तोच चालेनासा झाला. माझ्या संतापात या गोष्टीची लाज मिसळलेली होती, हे आता कबूल करावयास हरकत नाही.

कुलपांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. आरंभीची कुलपे खेळण्यासारखी होती. १९८५ साली स्पेक्ट्रम नावाच्या छोट्या संगणकासाठी ‘एलिट’ हा खेळ निघाला, तेव्हा त्याच्या खोक्यात प्लॅस्टिकचे एक घडीचे भिंग दिलेले असे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर विस्कटलेली अक्षरे उमटत; भिंग पडद्याला लावून ती वाचायची आणि तीच टंकायची. पडदा फार मोठा किंवा फार लहान असला तर अक्षरे लागतच नसत, आणि काही प्रतींबरोबर तर चुकीचेच भिंग गेले होते. म्हणजे पैसे देऊन आणलेल्या वस्तूच्या दारात ताटकळत उभे राहण्याचा योग तेव्हापासूनचा आहे. १९९० च्या ‘मंकी आयलंड’ या समुद्री चाच्यांच्या विनोदी खेळात पुठ्ठ्याच्या दोन चकत्या असत. त्या फिरवून चाच्याचे वरचे व खालचे अर्धे तोंड जुळवायचे आणि खिडकीत दिसणारे साल सांगायचे. चाचेगिरी रोखण्यासाठी चाच्यांचेच मुखवटे वापरणाऱ्या त्या माणसांना विनोदबुद्धी होती, एवढे मान्य केले पाहिजे.

ही कुलपे त्रासाची असतील, पण त्यांची किल्ली खोक्यात होती. खोके माझे, म्हणून किल्लीही माझी. विक्रेत्याचे दुकान बुडाले, तो परागंदा झाला, तरी चकती माझ्या कपाटात शाबूत होती. इंटरनेट घरोघर पोहोचले तसा बदल घडला तो येथे. किल्ली विक्रेत्याने स्वतःकडे ठेवून घेतली आणि घरमालकाने आपल्याच घरात शिरताना त्याला हाक मारावी अशी व्यवस्था केली.

या व्यवस्थेविरुद्धचा असंतोष प्रथम मोठ्या आवाजात उमटला तो अमेरिकेत, सप्टेंबर २००८ मध्ये. ‘स्पोर’ हा बहुचर्चित खेळ त्या महिन्यात बाजारात आला. एका सूक्ष्म जीवापासून आरंभ करून आकाशगंगेपर्यंत जीवसृष्टी घडवीत न्यायची, अशी त्याची भव्य कल्पना. प्रकाशक होती इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. खेळावर सिक्युरॉम नावाचे कुलूप होते आणि विकत घेतलेली प्रत फक्त तीन वेळा चढवता येत असे. त्याच वर्षी या कंपनीने आपल्या खेळांची दर दहा दिवसांनी इंटरनेटवरून हजेरी घेण्याचा बेत जाहीर केला होता. ओरड झाल्यावर तो मागे घेतला, पण तीनची मर्यादा ठेवली. ॲमेझॉनच्या विक्रीपानावर काही दिवसांत दोन हजारांहून अधिक ग्राहकांनी खेळाला एकच तारा देऊन निषेध नोंदवला. खेळाविषयी त्यांतल्या पुष्कळांची तक्रार नव्हतीच; तक्रार कुलपाविषयी होती. न्यायालयात दावेही गुदरले गेले. कंपनीने मर्यादा तीनवरून पाचवर नेली, आणि वर्षअखेरीस स्टीम या विक्रीस्थळावर तोच खेळ सिक्युरॉमशिवाय विकला.

आणि चोर? त्यांची तर काहीच अडचण झाली नाही. कुलूप फोडलेली प्रत अमेरिकेत विक्री सुरू होण्याआधीच इंटरनेटवर फिरत होती, आणि त्या वर्षी सर्वाधिक उतरवून घेतल्या गेलेल्या खेळांच्या यादीत ‘स्पोर’चेच नाव अग्रभागी आले. चोर सोडून संन्याशाला सुळी ही आपली म्हण यापेक्षा अधिक अक्षरशः खरी झालेली माझ्या तरी पाहण्यात नाही. कुलूप चोराला अडवीत नव्हते, कारण चोराच्या हाती पडणारी प्रत कुलूप काढलेलीच असे. ते जाणवत होते फक्त त्याला, ज्याने मोल दिले होते.

फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २०१० साली याहून पुढचे पाऊल टाकले. ‘असॅसिन्स क्रीड २’ हा पंधराव्या शतकातील इटलीत घडणारा, एकट्याने खेळण्याचा खेळ. त्यात दुसऱ्या कोणाशी संबंध नाही. तरीही तो चालू असेपर्यंत संगणक अखंड कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असला पाहिजे अशी अट होती. जोडणी तुटली की खेळ थांबला. मार्च २०१० मध्ये कोणी तरी त्या सर्व्हरवरच हल्ला चढवला आणि पैसे भरलेले अनेक लोक काही तास खेळाच्या बाहेर उभे राहिले. ज्यांच्या गावात दुपारची वीज आणि संध्याकाळचे इंटरनेट दोन्ही दैवाधीन होते, अशा आपल्यासारख्यांनी ही अट वाचून केवळ हसावे. कंपनीलाही ती पुढे सोडावी लागली. याच कंपनीची २००८ मधली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘रेनबो सिक्स व्हेगस २’ या खेळाच्या इंटरनेटवरून विकलेल्या प्रती काही कारणाने तबकडी मागू लागल्या. तबकडी तर ग्राहकांना कधी दिलेलीच नव्हती. कंपनीने घाईने दुरुस्तीची फाइल दिली आणि प्रश्न सुटला. मग कोणी तरी ती फाइल उघडून पाहिली, तर आत कुलपे फोडणाऱ्या एका टोळीचे नाव निघाले. स्वतःच्याच कुलपात अडकलेल्या कंपनीने चाच्यांची किल्ली वापरली होती! माझ्या मुलाने केले त्याहून हे निराळे काय, हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

येथपर्यंत वाचून वाचकाला वाटेल की हा सारा मोठ्या कंपन्यांच्या लोभाचा मामला आहे. तसे म्हणून मोकळे होण्याचा मोह मलाही झाला. पण दुसरी एक गोष्ट त्याच्या आड येते. ऑस्ट्रेलियात दोन भावांनी उभारलेल्या ग्रीनहार्ट गेम्स या चिमुकल्या कंपनीने एप्रिल २०१३ मध्ये ‘गेम डेव्ह टायकून’ हा खेळ विक्रीस आणला. खेळ तयार करणारी कंपनी चालवण्याचाच हा खेळ. किंमत माफक, कुलूप अजिबात नाही. त्यांनी एक युक्ती केली. एक प्रत मुद्दाम थोडी बदलून स्वतःच चाच्यांच्या बाजारात सोडली. त्या प्रतीत काही वेळ खेळले की खेळणाऱ्याची कंपनी डबघाईला येई, कारण खेळातल्या खेळात तिचे खेळ लोक चोरू लागत. पहिल्या दिवशी खऱ्या प्रतीचे ग्राहक निघाले २१४, आणि चोरीची प्रत खेळणारे किमान ३१०४. त्यांतले काही जण तर जाहीरपणे विचारू लागले की आमचे खेळ लोक चोरतात, दिवाळे निघते, हे थांबवण्याचा काही उपाय सांगा!

म्हणजे ज्यांनी विश्वास टाकला त्यांनाही लोकांनी लुटलेच. कुलूप वाईट आहे म्हणून लोक चोरतात हे विधान पूर्ण सत्य नव्हे. कुलूप नसतानाही चोरतात. म्हणून कुलपाने चोरी थांबते की वाढते या हिशेबात मला फारसे शिरावयाचे नाही. तो हिशेब व्यापाऱ्यांनी करावा. मला बोचते ते निराळेच.

ग्लॉकॉनने सॉक्रेटिसापुढे मांडलेली अंगठीची कथा ‘रिपब्लिक’मध्ये आहे. बोटात फिरवली की माणूस अदृश्य करणारी ती अंगठी जर सज्जनाला मिळाली, तर तो सज्जन राहील काय, असा ग्लॉकॉनचा प्रश्न. संगणकाने ही अंगठी घराघरांत नेऊन दिली. दार लावून बसलेला मुलगा नक्कल करतो की विकत घेतो हे कोणालाही दिसत नाही. अशा वेळी जो विकत घेतो, त्याचा प्रामाणिकपणा हा खरा प्रामाणिकपणा. कारण तसे न करण्याची मुभा त्याला होती. योगसूत्रांनी पाच यमांत अस्तेय घातले ते याच अर्थाने. ते व्रत घेणाऱ्याच्या मनाचे आहे, तिजोरीच्या पोलादाचे नव्हे. माझा मुलगा दुकानात जाऊन पैसे देऊन आला तेव्हा त्याने नकळत का होईना हे व्रत पाळले होते. आणि त्याबद्दल त्याला काय मिळाले? चोराला जे कधीच सोसावे लागले नसते तेवढेच मिळाले. तू फसवणारा आहेस असे धरूनच त्याच्याशी व्यवहार केला गेला.

संशय हा काही नवा नाही. दुकानात आरसे असतात, धान्याच्या गाडीला मोहोर असते, ग्रंथालयाच्या पुस्तकावर शिक्का असतो. पण त्या सगळ्या संशयांना एक शेवट असे. दाम दिले, पावती घेतली, दुकानाचा उंबरठा ओलांडला, की संशय संपला. दुकानदार माझ्या मागोमाग घरी येऊन माझ्या फडताळाजवळ उभा राहत नसे. विक्री ही क्रिया जशी मालकी देते तशी ती दोघांना एकमेकांपासून मोकळेही करते. या नव्या कुलपाने ते मोकळेपण काढून घेतले. ग्राहक हा मोल दिल्यानंतरही जन्मभर संशयित राहिला, आणि आपण संशयित नाही हे त्याने पुनःपुन्हा सिद्ध करावयाचे.

येथे ‘विकत’ या शब्दाचा विचार आला. आपल्या भाषेने देण्याघेण्याचे किती बारीक भेद केले आहेत! उसने, मागून आणलेले, भाड्याचे, गहाण, दान, बक्षीस, विकत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या सनदा आहेत. इनाम आणि खरेदी यांतला भेद आपल्या पूर्वजांना पुरता ठाऊक होता. इनाम देणाऱ्याच्या मर्जीवर असे, आणि गादीवर नवा धनी आला की अनेकदा सनद नव्याने मान्य करून घ्यावी लागे. खरेदीखताला कोणाची मर्जी लागत नसे. आज पडद्यावरच्या गुंडीवर लिहिलेले असते ‘विकत घ्या’, आणि मिळते ते इनाम. तेही सनदेच्या सन्मानावाचून.

ही काही शब्दांची कसरत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९०८ साली एका कादंबरीचा खटला आला होता. प्रकाशकाने पुस्तकात छापले होते की एका डॉलरहून कमी किमतीला ते विकणे हा कॉपीराइटचा भंग समजला जाईल; मेसीज या दुकानाने ते एकोणनव्वद सेंटला विकले. न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निर्णय दिला. प्रत एकदा विकली की तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाची हुकमत उरत नाही, असा त्याचा भावार्थ. आजोबांची पुस्तके नातवाकडे जातात, रद्दीतून ग्रंथालयात आणि ग्रंथालयातून पुन्हा कोणाच्या घरी जातात, ती याच समजुतीच्या बळावर. पडद्यावरच्या प्रतीला हे बळ उरले नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने आपल्या किंडल या वाचनयंत्रावरून काही ग्राहकांनी विकत घेतलेली पुस्तके रातोरात काढून घेतली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. काढून घेतलेल्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलचे ‘१९८४’ होते. असे कोणी कथेत लिहिले असते तर संपादकाने ते अतिरंजित म्हणून परत पाठवले असते.

खेळांच्या बाबतीत तर पैसे परत करण्याचाही प्रश्न येत नाही असे दिसते. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ साली निघाला. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले, आणि लगोलग अनेकांच्या खात्यांतून खेळाचा परवानाच काढून घेतला गेला. एकट्याने खेळता येण्याजोगा पुष्कळ भाग त्यात होता, तोही गेला. यातून रॉस स्कॉट या अमेरिकी गृहस्थाने एक चळवळ सुरू केली. तिची मागणी अगदी मर्यादित आहे. सर्व्हर जन्मभर चालू ठेवा असे ती म्हणत नाही; दुकान बंद करताना विकलेली वस्तू चालण्याजोगी ठेवून जा, एवढेच म्हणते. युरोपीय संघातील नागरिकांच्या निवेदनावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्निया राज्याने तर शब्दालाच हात घातला. तेथे २०२५ च्या आरंभापासून लागू झालेल्या कायद्यानुसार, जे केवळ परवाना देते त्याला ‘विकत घ्या’ म्हणावयाचे असेल तर तसे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. प्रामाणिकपणाचा आरंभ योग्य शब्दापासून व्हावा हे साहित्याच्या उपासकांना पटावे. पण भाड्याला भाडे म्हटल्याने भाडेकरू मालक होत नाही, हेही तितकेच खरे.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो. “कोणाची, बाबा?” ज्याची वस्तू त्याचीच, तेव्हा चोरी झाली नाही, असे उत्तर मी आज देईन. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यापासून कुलूप फोडणे हाच मुळी गुन्हा धरला गेला, आणि त्याला अपवाद वेळोवेळी मागून घ्यावे लागतात. आपला कायदा मला अधिक शहाणा वाटतो. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात २०१२ साली कलम ६५-अ घातले गेले. कुलूप फोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, पण हक्कभंगाचा हेतू असला तर. त्याच अधिनियमाचे कलम ५२ प्रोग्राम रीतसर बाळगणाऱ्याला प्रत नष्ट होण्याच्या भयाने राखीव प्रत काढू देते. हेतू पाहावा, पोलाद पाहू नये. अस्तेयाच्या जुन्या कल्पनेच्या हे पुष्कळ जवळ जाते.

पण हे उत्तर देऊन मी सुटत नाही. मागल्या वर्षी मुलगा सुट्टीवर आला होता. या लेखाचा विषय डोक्यात घोळत असल्याने मी ती जुनी गोष्ट काढली आणि मोठ्या उदारपणे म्हणालो, “तेव्हा तुझेच बरोबर होते.” तो हसला आणि म्हणाला, “अर्धेच, बाबा. ती फाइल मी नंतर तिघांना दिली होती. तबकडीसकट.” त्या तिघांपैकी एकानेही खेळ विकत घेतला नव्हता. “मग तेव्हा चोरी वाटली नाही?” मी विचारले. तो जरा थांबून म्हणाला, “पहिल्यांदा फोडताना वाटली होती. नंतर नाही वाटली.”

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करीत आहे. तेव्हा कंपनीचा संशय खरा ठरला, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे सहज खोडता येणार नाही. तिघांना दिलेल्या प्रती ही चोरीच; तेथे ‘कोणाची’ असे विचारण्याची सोय नाही. पण क्रम पाहा. मुलगा दुकानात गेला तेव्हा त्याच्या मनात एक रेघ होती: विकत घेणारे इकडे, फुकट घेणारे तिकडे. कुलपाने त्याला त्याच्याच वस्तूसाठी रेघेपलीकडच्या माणसांकडे मदत मागायला धाडले. त्या माणसांनी ती तत्काळ आणि विनामूल्य दिली. कंपनीने दोन पत्रांचे उत्तर दिले नव्हते. एकदा न्याय्य कारणासाठी रेघ ओलांडली की दुसऱ्यांदा ओलांडताना ती दिसतच नाही. मुलाची चूक मी कंपनीच्या माथी मारीत नाही. चौदाव्या वर्षी एवढा विवेक असावयास हवा होता, आणि १९९९ साली घरात भरलेल्या फुकटच्या मालाची शिकवण त्याला माझ्याकडूनच मिळालेली होती. परंतु रेघ पुसण्याच्या कामात त्या कुलपाचाही हात होता. चोर आणि ग्राहक यांना एकाच नजरेने पाहणारी व्यवस्था ग्राहकालाही त्या दोहोंत भेद नसल्याचे हळूहळू शिकवते. तीनच्या मर्यादेपेक्षा हे नुकसान मोठे आहे, आणि ते कंपनीचेही आहे.

याउलट वागणारे कोणी नव्हतेच असे नाही. पोलंडमध्ये साम्यवादी राजवट गेल्यानंतरच्या काळात बाजारात चोरीच्या तबकड्या उघड विकल्या जात. सीडी प्रोजेक्ट या कंपनीने १९९९ साली ‘बाल्डर्स गेट’ हा परदेशी खेळ पोलिश भाषेत आणला, तेव्हा तिने कुलूप जड करण्याऐवजी खोके जड केले. खोक्यात जुन्या कागदासारखा नकाशा, नियमांचे पुस्तक, संगीताची तबकडी, असे बरेच काही घातले. चोराकडे जे मिळणार नाही ते ग्राहकाला द्यावे, असा साधा व्यापारी विचार. याच कंपनीने २०११ साली आपला ‘विचर २’ हा खेळ स्वतःच्या विक्रीस्थळावर कुलपाविना विकला आणि दुकानातल्या प्रतीवरचे कुलूपही थोड्याच दिवसांत काढून टाकले. चाच्यांच्या बाजारात फिरली ती मात्र प्रामुख्याने कुलूप फोडलेली दुकानातली प्रत, असे कंपनीनेच सांगितले. कदाचित फोडण्यासाठी कुलूप हवे असते. उघड्या दारात शिरण्यात पुरुषार्थ कसला! अर्थात या सज्जन कंपनीलाही मोह आवरला नाही. त्याच वर्षी तिने जर्मनीत संशयितांना वकिलांकरवी दंडाची पत्रे धाडली, आणि लोकांनी नापसंती दाखवल्यावर जानेवारी २०१२ मध्ये तो उद्योग थांबवला. विश्वास टाकणे हे एकदाच ठरवून संपणारे काम नाही असे दिसते.

आमच्या घरातले ते खोके अजून आहे. वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटात, खालच्या खणात. तबकडीवर ओरखडा नाही, पण नव्या संगणकावर ती चालत नाही. मुलाने सांगितले की जुन्या कुलपांचे काही प्रकार मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विंडोजमध्ये सुरक्षेच्या कारणाने बंदच केले. त्या कुलपांमुळे संगणकालाच धोका होता म्हणे. त्यामुळे त्या काळातल्या अनेक खेळांच्या विकत घेतलेल्या तबकड्या मुक्या झाल्या आहेत आणि फोडलेल्या प्रती चालत आहेत. आमच्या तबकडीवरचे कुलूप त्यांतलेच की दुसरे, हे त्यालाही ठाऊक नव्हते. खोके टाकून देऊ का, असे त्याने जाताना विचारले. मी म्हणालो, राहू दे; पावती आत आहे.